कॅमेरा घेऊन झवेरी बाजारात

नवीन हळद सांगलीच्या यार्डात यायला लागली की आमच्या अडत दुकानातून कुणालाच हलता येत नाही. सौदे, तोलाई, पट्ट्या (म्हणजे विकलेल्या मालाचे हिशेब), बँकेच्या चकरा, सगळं एकदम सुरू होतं ते थेट उन्हाळा संपत येईपर्यंत. म्हणून हंगामाच्या आधीच, डिसेंबरात, मालकांकडून रविवारला जोडून सुट्टी मागून घेतली आणि मुंबईचं तिकीट काढलं. मी पेशानं दिवाणजी, पण कॅमेऱ्याचा नाद कॉलेजपासूनचा. कृष्णेचा घाट, आयर्विन पूल, हरिपूरचा संगम, यार्डातले हमाल आणि तोलाईदार, एवढा माझा मुलूख. मुंबईला याआधी जाणं झालं ते लग्नकार्याला नाहीतर दवाखान्यासाठी. नुसते फोटो काढायला म्हणून जायचं, हे कधीचं मनात होतं.

शिवाय दोन कामंही होती. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर डाग पडले होते. मोकळ्या आभाळाचा फोटो काढला की ठिपके दिसायचे, आणि ते साफ करायला विश्वासाचा माणूस बोरा बाजारात आहे असं एका फोटोग्राफर मित्रानं सांगितलं होतं. दुसरं काम जास्त जवळचं. माझा मावसभाऊ, ज्याला आम्ही सगळे आबा म्हणतो, झवेरी बाजारात गलाईचं दुकान चालवतो. सांगली जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : विटा, खानापूर, आटपाडी हा आमचा दुष्काळी पट्टा. पिकानं हात दिला नाही तेव्हा इथली माणसं सोनं-चांदी गाळायच्या, शुद्ध करायच्या धंद्यात शिरली आणि त्यासाठी देशभर गेली. लांबच्या राज्यातल्या सराफ बाजारात गेलात तरी भट्टीपुढं बसलेला माणूस विट्याकडची मराठी बोलताना सापडतो. आबा पोरसवदा वयात गेला तो तिथलाच झाला. त्याचं काम मी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्याच्या आईनं, म्हणजे माझ्या मावशीनंही.

निघण्याआधी एक तयारी केली, ती पुढं फार उपयोगाला आली. हरभट रोडवरच्या लॅबमधून माझ्या जुन्या फोटोंच्या चार बाय सहाच्या प्रिंट काढून घेतल्या. हळदीच्या ढिगावर बसलेला हमाल, धुक्यातली होडी, गणपती मंदिरापुढचा फुलवाला, असे. अनोळखी माणसाला मोबाइल दाखवला तर तो ओझरता बघतो. हातात कागद दिला की थांबतो, उलटून बघतो, विचारतो. प्रवासात माणसांचे फोटो काढणार असाल तर आपल्या गावाच्या अशा पाच-पंचवीस प्रिंट पिशवीत ठेवाच.

शनिवार

रात्रीच्या महालक्ष्मीनं सकाळी सीएसएमटीला उतरलो. समोरच्या ‘आराम’मध्ये वडापाव आणि चहा घेतला आणि पाठीवर बोजा तसाच ठेवून महात्मा फुले मंडईवरून काळबादेवीकडं चालत निघालो. आबाची खोली दुकानापासून जवळच, एका जुन्या चाळवजा इमारतीत वरच्या मजल्यावर. जिना इतका अरुंद की वरून कुणी येत असलं तर खालच्यानं थांबायचं. खोलीत आबा आणि त्याच्याकडं कामाला असलेली पोरं राहतात, सगळी खानापूर तालुक्यातली. दोरीवर शर्ट, कोपऱ्यात गॅस, भिंतीवर सिद्धनाथाचा फोटो आणि गावच्या यात्रेचं कॅलेंडर.

“आलास व्हय? पाणी जायच्या आधी आंघोळ उरकून घे, मग बोलू,” हे आबाचं स्वागत. मी भडंगाचा मोठा पुडा आणि बायकोनं दिलेली शेंगदाण्याची चटणी बाहेर काढली तेव्हा पोरांच्या तोंडावर जो आनंद दिसला तो कॅमेऱ्यात घ्यायला हवा होता. पण पहिल्याच घटकेला कुणाच्या घरात कॅमेरा बाहेर काढायचा नाही, हा माझा नियम आहे.

दुपारी बोरा बाजार. फोर्टात, स्टेशनपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर कॅमेऱ्यांची दुकानं आहेत. नव्या मालाची झगमगीत आणि दुरुस्तीची अगदी छोटी. मित्रानं सांगितलेले कारागीर सत्तरीच्या पुढचे. त्यांनी लेन्स काढली, दिव्याचं भिंग सेन्सरवर धरलं आणि बराच वेळ बघत राहिले. मग भिंग माझ्या हातात दिलं. काचेवर पिवळे कण स्पष्ट दिसत होते. धूळ करडी असते, हे कण चक्क पिवळे.

“कुठून आलात?”

“सांगलीहून. हळदीच्या यार्डात असतो.”

“मग बरोबर आहे. तुमच्या गावची हळद कॅमेऱ्यानंही खाल्ली.”

आधी फुंकणीनं कोरडे कण उडवले, मग ओल्या पट्टीनं एकाच दिशेनं एकेक फेर. घासायचं नाही, परत उलटं फिरायचं नाही. हे करताना ते बोलत नव्हते आणि मीही श्वास धरून होतो. पैसे हजाराच्या आतच घेतले. वर सल्ला दिला तो माझ्यासारख्या धुळीत काम करणाऱ्या प्रत्येकासाठी आहे : लेन्स बदलायची तर कॅमेरा बंद करून, तोंड खाली धरून बदला. मळणी, हळद, सिमेंट, पीठ अशा जागी शक्यतो बदलूच नका, एकच लेन्स लावून दिवस काढा. उरलेल्या प्रवासात मी पन्नास एमएमची लेन्स लावली ती काढलीच नाही. (रविवारी ही दुकानं बंद असतात. दुरुस्तीचं काम असेल तर शनिवारी दुपारच्या आत पोचा.)

तिथून जवळच जे. जे. कला महाविद्यालय. फाटकाबाहेर थोडा वेळ नुसता उभा राहिलो. होमाय व्यारावाला इथं शिकल्या. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांचे सुरुवातीचे मुंबईचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापून येत, कारण बाईचं नाव तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, २०१२ मध्ये त्या गेल्या. आमच्याकडं फोटोग्राफीचा विषय निघाला की कॅमेऱ्याची किंमत आणि लग्नाची ऑर्डर यापलीकडं बोलणं जात नाही. ही नावं पोरांना सांगायला हवीत असं मला मनापासून वाटतं.

संध्याकाळी पुन्हा सीएसएमटी. या इमारतीचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळं सकाळी समोरून काढलेले फोटो निस्तेज येतात. दुपार उतरल्यावर दगड तापल्यासारखा दिसायला लागतो. फ्रेडरिक स्टीव्हन्सनं आराखडा केला, १८७८ ला काम सुरू होऊन १८८८ ला पुरं झालं, २००४ पासून जागतिक वारसा. एवढं सगळ्यांना माहीत असतं. मला वेड लावलं ते कोरीव कामानं. मोर, माकडं, खारी, घुबडं, पानं, आणि हे पुष्कळसं काम जे. जे.च्याच विद्यार्थ्यांच्या हातचं. पूर्ण इमारत चौकटीत बसवायचा नाद सोडून दिला आणि एकेका खांबाच्या माथ्यावर नजर ठेवली. दिवे लागल्यावर समोर एवढी गर्दी मोबाइल वर करून उभी राहते की पुढं जाता येत नाही. मीही त्यांच्यात उभा राहिलो. तो फोटो हजारोंनी काढलाय म्हणून आपण काढू नये असं मला वाटत नाही. प्रत्येकाला आपल्या हातानं एकदा काढायचा असतो.

रात्री खोलीवर ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, कांदा आणि आम्ही नेलेली चटणी. पेपर अंथरून सगळे गोल बसले. एक जण उठून म्हणाला, “दादा, आता काढा की फोटो. आईला पाठवतो.” तेव्हा कॅमेरा काढला. खोलीत एकच ट्यूबलाइट, ती पाठीमागं घेऊन, भिंतीवरून परतणाऱ्या उजेडात तो फोटो घेतला.

रविवार

पहाटे मरीन लाइन्सहून लोकल पकडून दादर. रविवारी लोकलनं फिरणार असाल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर, किती वाजता आहे ते बघून घ्या. पहाटेच्या गाड्या सहसा सुटतात, दिवसा अडकायला होतं.

पश्चिमेला उतरलं की फुलांचा वास आधी येतो, बाजार नंतर दिसतो. झेंडू, शेवंती, गुलछडी, गुलाब, आंब्याचे टाळे, केळीची पानं. रस्ता ओला, डोक्यावर पिवळे बल्ब, आणि आभाळ अजून काळंनिळं. फोटो काढणाऱ्यासाठी ही अर्ध्या-पाऊण तासाची वेळ सोन्यासारखी. बल्बचा पिवळा उजेड आणि पहाटेचा निळा उजेड दोन्ही एकाच चौकटीत मिळतात. एकदा उजाडलं की झेंडू पांढुरका दिसायला लागतो. तेव्हा पाचच्या सुमाराला तिथं पोचा, आणि पाय रोवून एका जागी उभे राहा. वाटेत उभं राहायचं मात्र नाही. डोक्यावर पाटी घेतलेला माणूस थांबू शकत नाही, त्याला हाक मारता मारता पुढं जावंच लागतं.

एका आजींच्या शेवंतीच्या ढिगापाशी मी रेंगाळलो. त्यांनी बघितलं.

“काय हो, पेपरवाले का?”

“नाही आजी, सांगलीचा. हळदीच्या दुकानात असतो. हौस म्हणून काढतो.”

पिशवीतून हळदीच्या ढिगाचा फोटो काढून दिला. त्यांनी तो बल्बखाली धरला, नाकाजवळही नेला. शेजारणीला दाखवला, तिनं तिसरीला दिला. आजी मूळच्या फलटणकडच्या, लग्न होऊन मुंबईत आल्या आणि तेव्हापासून फुलातच आहेत. मग म्हणाल्या, “थांब, पदर नीट करते.” मला खरं तर त्या फुलं निवडत असतानाचा फोटो हवा होता. पण माणसानं स्वतःला कसं दाखवायचं हे त्यालाच ठरवू द्यावं. पदर सारखा करून, हात मांडीवर ठेवून त्या बसल्या तसा एक काढला. तो झाल्यावर त्या मला विसरून पुन्हा शेवंतीकडं वळल्या, आणि दुसरा मिळाला. दोन्ही पाठवीन म्हणून पत्ता वहीत लिहून घेतला. मोबाइलवर पाठवा असं त्या म्हणाल्याच नाहीत. “कागदाचाच दे,” म्हणाल्या.

स्टेशनजवळच्या जुन्या मराठी उपाहारगृहात साबुदाणा वडा आणि पियूष घेतलं. पियूष आमच्याकडं असं मिळत नाही, त्यामुळं आणखी एक मागवलं.

नंतर फोर्ट. रविवारी सकाळी या भागात कचेऱ्या बंद असतात, आणि आठवडाभर ज्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते तिथं पोरं क्रिकेट खेळत असतात. उंच दगडी कमानी, खाली तीन दांड्या आणि रबरी चेंडू. मी एका कोपऱ्यावर बसून होतो. चेंडू माझ्याकडं आला की परत फेकायचा, तेवढ्यावर ओळख झाली.

ओव्हल मैदानाबद्दल एक गोष्ट फोटोवाल्यांनी ध्यानात ठेवावी. मैदानाच्या पूर्वेला हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, पश्चिमेला आर्ट डेको शैलीच्या इमारतींची रांग. दोन्ही मिळून २०१८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. सकाळचं ऊन पश्चिमेकडच्या रांगेवर पडतं आणि दुपारनंतरचं राजाबाईवर. म्हणजे एकाच मैदानावर सकाळी एकीकडं तोंड करायचं आणि संध्याकाळी दुसरीकडं. मी सकाळी त्या गोल कोपऱ्यांच्या बाल्कन्या काढल्या आणि १८७८ चा टॉवर संध्याकाळसाठी ठेवला. मधल्या वेळात मैदानावर पांढऱ्या कपड्यातले सामने चालू होते. दुपारी चांगलंच गरम होत होतं, डिसेंबर असूनही.

काळा घोड्याला जहांगीर कलादालन पाहिलं. १९५२ पासून इथं चित्रं लागतात आणि आत जायला पैसे पडत नाहीत. कुणी दरवाजात अडवत नाही, कपडे बघत नाही. सांगलीला अशी एक जागा हवी. आमच्याकडं नाट्यगृहं आहेत, त्यांचा अभिमानही आहे, पण भिंतीवर फोटो लावून महिनाभर कुणीही येऊन बघावेत अशी जागा शोधावी लागते. हा विचार तिथं बाकावर बसल्या बसल्या बराच वेळ डोक्यात राहिला. जवळच वॉटसन हॉटेलची जुनी लोखंडी सांगाड्याची इमारत आहे. ७ जुलै १८९६ ला ल्युमिए बंधूंची हलती चित्रं आपल्या देशात पहिल्यांदा इथं दाखवली गेली. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणलं १८४३ साली. त्या गावातून आलेल्या माणसानं या इमारतीपुढं थांबायला हवं असं वाटलं, आणि थांबलो.

संध्याकाळी राजाबाई, मग मरीन ड्राइव्ह. हिवाळ्यात सूर्य मलबार हिलच्या डाव्या अंगाला, सरळ पाण्यात उतरतो. पण त्या दिवशी धुरकट इतकं होतं की पाण्याला टेकायच्या बराच आधी तो विरून गेला. लोक मात्र हलले नाहीत. कठड्यावर ओळीनं बसलेली माणसं, सगळ्यांची पाठ रस्त्याकडं. मी त्या पाठींचेच फोटो काढत चाललो. हात धरून बसलेले म्हातारा-म्हातारी, चहावाला, कामावरून सुटलेल्या मुली, एकटाच बसलेला पोलीस. गेटवे मी मुद्दाम यादीत ठेवला नव्हता. वेळ थोडा होता आणि मला माणसांत राहायचं होतं.

सोमवार

आजचा दिवस आबाचा. दुकानं उघडायच्या आधी त्याच्याबरोबर गल्लीत उतरलो. मुंबादेवीचं दर्शन घेतलं. गल्लीत झारेकरी बाया ब्रशनं आणि हातानं उंबरठ्यांच्या फटी, गटाराच्या कडा झाडून धूळ गोळा करत होत्या. ती धूळ धुऊन त्यातून सोन्याचे कण काढतात. एकीला विचारलं, तिनं मान हलवून नको म्हटलं. मी कॅमेरा पिशवीत ठेवला आणि तिथून पुढं झालो.

दुकान म्हणजे जेमतेम दहा बाय दहाची खोली, तीही आतल्या अंगाला. दाराशी काटा आणि आबाची गादी, मागं भट्टी. आत सूर्य येत नाही. एक दिवा काट्यावर, बाकी उजेड भट्टीचा. आबानं आधीच सांगितलं, “गिऱ्हाईकाचं तोंड नको, माल नको, वजनाचा आकडा नको. हात काढ, भट्टी काढ, पोरांस्नी इचारून काढ.” धंदा विश्वासाचा आहे, त्याचं म्हणणं बरोबरच होतं.

एक जण जुने दागिने घेऊन आला. आबानं त्याच्यासमोर वजन केलं, चिठ्ठीवर लिहिलं. दागिने मुशीत टाकले. मूस म्हणजे काळं, जाड, वाडग्याएवढं भांडं, ते भट्टीत बसतं. वरून चिमूटभर टाकणखार. सोनं वितळायला १०६४ अंश लागतात. पोरानं झोताचा आवाज वाढवला, आणि मुशीचं तोंड आधी लाल, मग नारिंगी, मग बघवेना इतकं पिवळं झालं. बांगड्यांचे काठ काही वेळ दिसत राहिले. एका क्षणी ते खाली बसले. त्या वेळी खोलीत कुणी बोलत नव्हतं. गिऱ्हाईक तर पापणी लवू देत नव्हतं, कारण त्याच्या घरचं काय काय त्यात होतं ते त्यालाच ठाऊक. मग चिमट्यानं मूस उचलली, साच्यात रस ओतला आणि लगड पाण्यात टाकली. चर्रर्र आवाज आला. एक बारीक तुकडा काढून टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, बघायला गेला.

शुद्ध करायचं काम याहून लांबलचक. सोन्यात चांदी मिसळून पुन्हा वितळवायचं, तो रस पाण्यात ओतून त्याचे दाणे करायचे, ते दाणे तेजाबात उकळायचे. चांदी तेजाबात विरघळते आणि खाली उरतो तपकिरी गाळ. सोनं म्हणून तो कुणी ओळखणार नाही. तो धुवायचा, वाळवायचा आणि पुन्हा मुशीत घालायचा, की त्याला रंग येतो. आबा म्हणाला, “ह्यो गाळ बघून पयल्या वर्षी मला रडू आलं हुतं. वाटलं आपल्या हातनं बिघडलं.” आता तो सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना हेच आधी दाखवतो आणि सांगतो, घाबरू नको.

फोटोचं तंत्र सांगायचं तर अशा जागी कॅमेऱ्याच्या मोजमापावर सोडून चालत नाही. अंधार जास्त म्हणून तो उजेड वाढवतो आणि ज्वाळेचा नुसता पांढरा डाग होतो. मी कॅमेऱ्यानं सुचवलेला उजेड दोन स्टॉप (मापं) कमी केला, आयएसओ ३२००, लेन्स पूर्ण उघडी, शटर १/१२५. फ्लॅश अजिबात नाही. वितळलेलं सोनं ओतणाऱ्याच्या डोळ्यांवर फ्लॅश मारणं धोक्याचं आहे. आणि भट्टीकडं न बघता भट्टीसमोरच्या माणसाकडं बघायचं. मूस उचलताना पोराचे हात, मनगटावरची जुनी भाजल्याची खूण, गंडा, आणि नखात बसलेला काळा रंग, सगळं खालून आलेल्या त्या एका उजेडात दिसत होतं. तोंड नको, माल नको, ही अट नसती तर मी कदाचित लगडीच्याच मागं लागलो असतो. या प्रवासातले माझे सगळ्यांत आवडते फोटो त्या हातांचे आहेत.

तेजाबाचा धूर बाहेर काढायला पंखा आणि नळी आहे, तरी घशात खवखव होते. मला तासाभरात जाणवलं. पोरं दिवसभर असतात. मी विचारलं तर एक जण म्हणाला, “सवय हुती, दादा.” मला ते उत्तर पटलं नाही आणि अजूनही पटलेलं नाही.

दुपारी भुलेश्वरात पुरी-भाजी खाल्ली, लेकीला बांगड्या घेतल्या. रात्री आबा स्टेशनपर्यंत आला. गाडी हलताना खिडकीतून एक पुडकं आत दिलं : “आईला दे. आन् भट्टीचा फोटो दाखवूच नको म्हणत हुतो, पर दाखीव.”

मंगळवार आणि पुढं

पहाटे सांगली. मुंबईच्या घामानंतर इथली थंडी अंगावर आली तेव्हा बरं वाटलं. घरी चहा होईपर्यंत लेक बांगड्या घालून आरशापुढं, आणि दहाला मी दुकानात गादीवर. जुन्या मालाचे सौदे चालूच होते. मधल्या दिवसांच्या पट्ट्या साचल्या होत्या, त्या रात्री आठपर्यंत पुऱ्या केल्या. यार्डात दुपारी चारच्या सुमाराला शेडच्या पत्र्यातल्या फटीतून उन्हाचा एक पट्टा पोत्यांवर पडतो. तिथं हमाल टेकतात. रोज बघतो, पण त्या दिवशी मी तोलाईदाराच्या हातांकडं बघत राहिलो. कॅमेरा घरी होता. दुसऱ्या दिवशी बरोबर नेला, लेन्स आधीच लावून.

रात्री टीव्हीला जोडून सगळे फोटो घरी दाखवले. सीएसएमटीचे दिवे, समुद्र, राजाबाई, बायको “छान आहे” म्हणत पुढं जायला सांगत होती. खोलीतल्या जेवणाच्या फोटोवर थांबली. “यांना रोज भाकरी कोण करतं?” आळीपाळीनं करतात म्हटल्यावर पुढच्या वेळी काय काय पाठवायचं याची यादीच तिनं सुरू केली. लेकीला शेवंतीवाल्या आजी आवडल्या. तिच्या हातूनच पाकिटावर दादरचा पत्ता लिहून घेतला आणि दोन्ही फोटो पोस्टानं पाठवले. प्रिंट पाठवताना दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून कडा चिकटपट्टीनं बंद करा, नाहीतर दुमडून पोचतात.

त्या रविवारी तासगाववरून विट्याकडं निघालो. वाटेत द्राक्षबागा घडांनी भरल्यात, आणि पुढं जिथं पूर्वी नुसतं माळरान असायचं तिथंही डाळिंबं दिसतात. टेंभू योजनेनं कृष्णेचं पाणी इथवर चढवलं त्याचा हा परिणाम. मावशी ओट्यावर शेंगा फोडत होती. आधी पुडकं दिलं, त्यात साडी निघाली. मग फोटो.

हातांचा फोटो मी आठ बाय बाराचा मोठा करून नेला होता. तिनं चष्मा लावला आणि तो गुडघ्यावर ठेवून बघितला.

“ह्यो आबा न्हवं.”

“न्हाई. त्याच्याकडचा पोरगा.”

“मनगटाला भाजलंय की रं त्येच्या.”

मग आबाचा भट्टीसमोरचा, पाठमोरा, असा फोटो दिला. तो तिनं जास्त वेळ बघितला. “नाकाला फडकं का न्हाई बांधलं?” मला काही सांगता येईना. तिनं मला तिथंच फोन लावायला लावला. आबा पलीकडून पंखा आहे, नळी आहे असं सांगत होता. ती म्हणाली, “मला फोटूत दिसतंय. फडकं बांध, आन् पोरांस्नी बी बांध.” मी फोन परत घेतला तेव्हा आबा म्हणाला, “बांधतो म्हण तिला.” मी त्याला नुसतं फडकं पुरणार नाही, आम्लाच्या वाफेसाठीचा गाळणीचा मास्क मिळतो तो आण असं सांगितलं आणि सांगलीतून पाठवतोही म्हणालो. तो मास्क आता पाठवलाय.

भिंतीवर लावायला मावशीनं हातांचा फोटो घेतला नाही, आबाचाही नाही. पेपर अंथरून जेवणाऱ्या सगळ्यांचा निवडला. एकेका पोरावर बोट ठेवून हा कुणाचा, तो कुणाचा, हे ती सांगायला लागली. जवळजवळ सगळ्यांच्या आयांना ती ओळखत होती. “त्येस्नी बी दे. त्येंनी कुठं बघितलंय?” म्हणाली. मी लॅबच्या पाकिटामागं गावं लिहून घेतली : लेंगरे, भाळवणी, खानापूर, आणि भिवघाटाकडच्या दोन वाड्या. परत येताना वाटेतूनच लॅबला फोन करून तेवढ्या प्रती सांगितल्या. पुढचे दोन रविवार त्यातच जातील, आणि मग नवीन हळद यायला लागेल.